आदर्श आई, शंभरपैकी सत्त्याण्णव

हेडबाईंना आयुष्यात कधीही कुणी साठाच्या खाली गुण दिले नव्हते. म्हातारपणी ते दिले एका पांढऱ्या डबीने, आणि तेही गोड आवाजात.

हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सोडून बराच काळ लोटला होता, पण त्यांचा दरारा काही निवृत्त झाला नव्हता. त्या दुकानात शिरल्या की कोपऱ्यावरचा बेकरीवाला आजही पोट आत घेऊन उभा राही आणि पिशवीत पाव ओळीने, शिस्तीत रचून देई. सातवीत त्याला त्यांनी तासभर अंगठे धरून उभं केलं होतं. तो विसरला असेल, त्याची पाठ विसरली नव्हती. यजमान गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत त्या एकट्या राहत. एकट्या म्हणजे त्या आणि एक बोका. बोका अंगाने चांगला तगडा, डोक्याने बेताचा, आणि दिवसभर दाराजवळच्या स्टुलावर डुलक्या काढायचा. म्हणून त्याचं नाव शिपाई.

डबी घरात आली त्याला निमित्त झालं जिन्याचं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आणि हेडबाई यांचा कचऱ्याच्या बादलीवरून वाद चालला होता. वाद जुना होता, दोघांनाही प्रिय होता. वर जाता जाता शेवटचा टोला मान वळवून हाणायच्या नादात हेडबाईंची पायरी चुकली. टोला अचूक लागला, घोटा सुजला. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या चिरंजीवांपर्यंत बातमी पोचेस्तोवर त्यातली बादली गेली, टोला गेला, आणि ‘आई जिन्यावरून पडली’ एवढंच उरलं.

चिरंजीव एका मोठ्या कंपनीत व्यवस्थापक होते. नक्की कशाचं व्यवस्थापन करतात हे हेडबाईंनी दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेऊन “बरं” म्हटलं होतं. दर रविवारी सकाळी ते आईला फोन करत. काय जेवलीस, झोप लागते का, असे चार प्रश्न विचारत. आई चारही प्रश्नांना उलटं उत्तर देई आणि दोघांचाही आठवडा सुरळीत सुरू होई.

पडल्याची बातमी ऐकून मात्र ते स्वतः आले, आणि बरोबर एका टायवाल्याला घेऊन आले. टायवाल्याच्या गळ्यात टाय होता आणि चेहऱ्यावर वॉरंटी होती. त्याने खिळे-स्क्रू न वापरता भिंतीवर एक पांढरी डबी चिकटवली, फ्रिजला एक चकती लावली, गॅसला दुसरी, न्हाणीघराच्या दाराला तिसरी, आणि गादीखाली एक पट्टी सरकवली.

“आजी, ही सुदक्षा,” तो डबीकडे हात करून म्हणाला. जणू सोयरीक घेऊन आला होता. “ही फक्त तुमची काळजी घेणार.”

“कशी घेणार? चहा करून देणार?”

“नाही, नाही. तुमच्यावर लक्ष ठेवणार.”

“शाळेत आम्ही असल्या पोरीला मॉनिटर म्हणायचो,” हेडबाई म्हणाल्या. “बाईंची पाठ वळली की फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहायची. आणि ही सांगणार कुणाला?”

“फक्त तुमच्या मुलाला. आणि आमच्या सर्व्हरला. आणि सेवा सुधारण्यासाठी आमच्या भागीदारांना.”

“म्हणजे दवंडीच की!”

“आई, अगं जग बदललंय,” चिरंजीव म्हणाले. माणूस हे वाक्य बोलायला लागला की पुढे काही तरी गळ्यात मारणार हे समजून चालावं. तसंच झालं. सुदक्षा रोज शंभरपैकी गुण देणार होती. झोप, खाणं, हालचाल, स्वभाव, सगळ्यांचे मिळून. हिवाळा सुरू होईपर्यंत सरासरी साठ पडली तर आईने खुशाल इथे राहावं, पुन्हा कुणी विषय काढणार नाही. साठाच्या खाली गेली तर तिने हे घर बंद करून चिरंजीवांकडे राहायला यायचं.

चिरंजीवांकडची पाहुण्यांची खोली हेडबाईंनी पाहिली होती. तिच्यात एक व्यायामाची सायकल होती, तिच्यावर टॉवेल वाळत असत, आणि खिडकी उघडली की शेजारच्यांची भिंत आत येई. पाहुण्यांच्या खोलीत माणूस फार दिवस राहिला की त्याच्याही अंगावर लोक टॉवेल वाळत घालू लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही त्या “ठीक आहे” म्हणाल्या. परीक्षा म्हटली की त्यांना माघार घेता येत नसे. उभ्या जन्मात नापास न झालेल्या माणसाला हा रोग असतोच.

पहिल्याच दिवशी त्या रिवाजाप्रमाणे जमिनीवर पेपर पसरून शब्दकोडं सोडवायला बसल्या, तोच भिंत बोलली.

“आई, आपण पडलात का?”

हेडबाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं. “कोण आई?”

“आपल्या मुलाने हे संबोधन निवडलं आहे, आई.”

“मला एकच मुलगा आहे. भिंतीला मी जन्म दिलेला नाही.”

“नोंद घेतली. स्वभाव: चिडचिडा,” सुदक्षा मधाळ आवाजात म्हणाली, आणि गुण कापले.

पुढे हे रोजचंच झालं. सात अक्षरी शब्द अडला म्हणून त्या पेन्सिल चावत बसल्या, तर “आई, आपण बराच वेळ हललेल्या नाहीत.” “बाळ, विचार करताना माणूस हलत नाही. तुमच्या कंपनीत कुणाला अनुभव नसेल.” गुण कापले. काय खावं हे न ठरल्यामुळे फ्रिजचं दार उघडून उभ्या राहिल्या, तर “विस्मरणाची शक्यता”. गुण कापले. बातम्या वाचताना मंत्र्यांना नावं ठेवली, तर “घरात वाद चालू आहे का?” म्हणून थेट चिरंजीवांच्या फोनवर सूचना, आणि चिरंजीव भर मीटिंगमधून घाबरून विचारतात, “आई, कोण आलंय?” पूर्वी भिंतींना नुसते कान होते. आता तोंड फुटलं होतं, आणि ते बंद करायचं बटण चिरंजीवांच्या खिशात होतं.

पहिल्या पंधरवड्याची सरासरी पडली अठ्ठावन्न.

इमारतीत ही बातमी हेडबाईंनी कुणाला सांगितली नाही, पण सेक्रेटरींना ठाऊक होती, कारण टायवाला त्यांच्याकडे चहाला थांबत असे. सेक्रेटरी म्हणजे इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. नव्या गोष्टीचं त्यांना भलतं वेड. प्रत्येक घरात एकेक सुदक्षा बसवायचा ठराव त्यांच्या मनात शिजत होता. बाकीच्या बिऱ्हाडांचा मात्र त्या डबीवर काडीचा विश्वास नव्हता. पहिल्या मजल्यावरची शिंपीणबाई म्हणे, तिच्या भावाकडचा असला दिवा टाळी वाजवली की लागतो, आणि भाऊ एकदा डास मारायला उठला तर रात्रभर घरात नाटकाचा पडदा वर-खाली व्हावा तसा उजेड-अंधार चालला होता. पोस्टमास्तर तर हेडबाईंच्या घरी आले की डबीकडे पाठ करून कुजबुजत.

“असे काय बोलता? घसा बसलाय?” हेडबाईंनी विचारलं.

“बाई, मी हयातभर लोकांची पत्रं पोचवली. एक कधी उघडून वाचलं नाही. ही बया तर पाकीट चिकटवायच्या आधीच वाचते.”

“मग मोठ्याने बोला. तिला तरी कळू दे, शिकलेली माणसं कशी बोलतात.”

“अठ्ठावन्न ना?” पोस्टमास्तर हळूच म्हणाले. “कचऱ्याच्या बादलीबाबत माझं ऐकलं असतं तर साठ झाले असते.”

यावर जे उत्तर मिळालं त्याचे आणखी दोन गुण गेले.

अशात चित्रकलाबाईंचा फोन आला. चित्रकलाबाई हेडबाईंच्या शाळेतल्या. आता दूर एका तळ्याकाठच्या गावात राहत. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि थेंब घालायला माणूस नव्हतं. “तू ये. नाही तर मी अंदाजाने घालते, आणि माझा अंदाज तुला माहीत आहे. मी तुझं चित्र काढलं होतं तेव्हा सगळ्यांना तो संस्थापकांचा फोटो वाटला होता.”

हेडबाईंनी पिशवी भरली. चिरंजीवांना कळवलं असतं तर आधी चौकशी समिती बसली असती आणि तिचा अहवाल येईस्तोवर चित्रकलाबाईंचा दुसरा डोळाही बरा झाला असता. म्हणून कळवलं नाही. किल्ली पोस्टमास्तरांकडे दिली. “सकाळ-संध्याकाळ शिपायाला दूध घाला. फ्रिजमध्ये आहे. आणि माझी खुर्ची वापरू नका.” जाताना त्यांनी डबीकडे पाहिलं. घर मोकळं सोडल्याबद्दल आता शून्य मिळणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. पण मैत्रिणीचा डोळा तो डोळा.

थेंबांचं काम आटोपून त्या परतल्या आणि दारातच थबकल्या.

“आई,” सुदक्षा म्हणाली, आणि तिच्या आवाजात नेहमीपेक्षा चमचाभर साखर जास्त होती, “अभिनंदन! या आठवड्याचे आपले गुण सत्त्याण्णव.”

पाठोपाठ चिरंजीवांचा फोन. “आई! म्हटलं नव्हतं मी? अगं, काय सुधारणा आहे!”

हेडबाई पिशवी हातात घेऊन तशाच उभ्या. “काय काय सुधारलं रे माझं?” त्यांनी जपून विचारलं.

“थांब, वाचूनच दाखवतो. ‘झोप गाढ आणि भरपूर. दुपारी दीर्घ विश्रांती. घरात हलकं फिरणं. फ्रिज ठरलेल्या वेळी, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. जमिनीवर पडण्याचा एकही प्रसंग नाही. आरडाओरडा नाही. स्वभावात लक्षणीय मवाळपणा.’ आई, कसं जमवलंस?”

हेडबाईंनी पलंगाकडे पाहिलं. त्यांच्या उशीवर, बरोबर पट्टीच्या वर, शिपाई चारी पाय ताणून पडला होता. गादीखालची पट्टी वजन बघत नव्हती, ऊब बघत होती. शिपायाकडे दुसरं काही नसलं तरी ऊब मुबलक होती.

“जमलं बाबा,” त्या म्हणाल्या.

त्यांना शाळेतली ढाल आठवली. एका वर्षी सर्वांत शिस्तप्रिय वर्गाला ढाल द्यायची ठरली होती आणि परीक्षक म्हणून बाहेरचे एक बडे साहेब आले होते. साहेब बुटांचा आवाज न करता व्हरांड्यातून फिरले, दारांना कान लावले आणि आठवी ‘क’ ला ढाल देऊन गेले. काय ती शांतता, म्हणाले, टाचणी पडली तर ऐकू यावी. आठवी ‘क’ त्या दिवशी सहलीला गेली होती. दार ढकलून बघायचं साहेबांच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि साहेबांना ते सांगायची कुणाची छाती नव्हती. शाळेतला सर्वांत द्वाड वर्ग वर्षभर ती ढाल मिरवत होता.

हेडबाई आधी पोट धरून हसल्या. (“आई, आपल्याला श्वासाचा त्रास होतो आहे का?”) मग त्यांना राग आला. आपण इतकी वर्षं वाचलं, बोललो, भांडलो, पोरं घडवली, आणि त्याचे अठ्ठावन्न! या मठ्ठ बोक्याने चार दिवस लोळून काढले, त्याचे सत्त्याण्णव!

पुढचा आठवडा त्या मुद्दाम घरी राहिल्या. नेहमीसारख्या जगल्या. सत्तावन्न. त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा तळ्याकाठी गेल्या. शहाण्णव. गणित सरळ होतं. घर राखायचं असेल तर घराबाहेर राहायचं. शहाणा माणूस अशा गणितावर हसतो आणि मग त्याप्रमाणेच वागतो, कारण गुण देणाऱ्याच्या हातात घराची किल्ली असते. हेडबाईंच्या फेऱ्या वाढल्या. पोस्टमास्तरांनी दूध घालायचं काम टपाल खात्याच्या शिस्तीत चालवलं, आणि खुर्ची वापरली.

एक गोष्ट मात्र गणितात धरलेली नव्हती. पहिल्या रविवारी हेडबाई चित्रकलाबाईंच्या ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसल्या. तळ्यावर बदकं येऊन गेली, चहा निवला, दुसरा झाला. फोन वाजला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. मग एक निरोप आला: ‘आई, तू मस्त आहेस हे इथे दिसतंच. आता फोन करून तुझी विश्रांती मोडत नाही. नव्याण्णवला पोच!’ पुढे अंगठा.

“तूच कर ना फोन,” चित्रकलाबाई म्हणाल्या.

“मी का करू? हजेरी घेणारा तो.”

“मग रुसू नकोस.”

“मी रुसलेली नाही. मी थंडावा घेतेय.”

“तोंड बघ आरशात. मला नव्या डोळ्याने सगळं स्पष्ट दिसतं हल्ली.”

हेडबाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला. चार प्रश्न आणि चार उलटी उत्तरं. मायलेकांमधलं सगळं बोलणं त्या आठ वाक्यांत होतं, आणि ते आता एका बोक्याच्या झोपेवर भागत होतं.

हिवाळ्याच्या तोंडावर एका सकाळी पोस्टमास्तरांचा फोन आला. “बाई, आज संध्याकाळी तुमचा सत्कार आहे.”

“कुठे?”

“तुमच्या दारात. कंपनी तुम्हाला ‘आदर्श आई’ म्हणून ढाल देणार. सेक्रेटरी भाषण करणार. त्यानंतर लगेच सगळ्या घरांत डब्या बसवायचा ठराव.”

“मला कुणी बोलावलं नाही ते?”

“बोलवायचं कशाला? तुम्ही घरातच आहात.”

हेडबाईंनी दुपारची बस धरली.

त्या जिना चढून आल्या तेव्हा त्यांच्या दारासमोर ही गर्दी. बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं पायऱ्यांवर उभी. सगळ्यांत पुढे टायवाला, त्याच्या हातात चकचकीत ढाल. शेजारी चिरंजीव, हातात फुलांचा गुच्छ आणि फोन. सगळे पाय न वाजवता उभे आणि कुजबुजत्या आवाजात बोलत होते. हेडबाई पिशवी घेऊन सगळ्यांच्या मागे पोस्टमास्तरांजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“काय चाललंय?” त्यांनी पुढच्या शिंपीणबाईला विचारलं.

“हेडबाईंचा सत्कार,” शिंपीणबाई मागे न बघता म्हणाली. “हळू बोला. झोपल्यात त्या.”

“झोपू दे,” हेडबाई म्हणाल्या.

चिरंजीवांचं भाषण चाललं होतं. कुजबुजत केलेलं भाषण कुणी ऐकलं नसेल तर सांगतो, माणूस सुतकात असल्यासारखा दिसतो. “माझी आई आधी फार तापट होती. जमिनीवर काय बसायची, पेपरशी काय भांडायची. आम्हाला सतत घोर. पण सुदक्षाने तिला आतून बदललं. आता ती कुणाला उलटून बोलत नाही. वेळेवर खाते, शांत पडून राहते. मला माझी आई परत मिळाली.”

सेक्रेटरींनी टाळ्या वाजवायला हात उचलले. टायवाल्याने “शू!” केलं आणि फोनचा पडदा सगळ्यांना दिसेल असा धरला. “हे बघा. आजी आत्ता या क्षणी पलंगावर आहेत. श्वास नियमित. आपण आणखी थोडं थांबू या.”

“किती थांबायचं?” पोस्टमास्तर मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात कुजबुज औषधालाही नव्हती. “सत्कारमूर्ती मागे पायरीवर ताटकळतायत.”

सगळी डोकी वळली. चिरंजीवही वळले. समोर आई उभी होती, प्रवासाने चुरगळलेली, काखेत पिशवी. चिरंजीवांनी आईकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. मग पुन्हा आईकडे पाहिलं आणि, हे सगळ्या इमारतीने बघितलं, पुन्हा एकदा फोनकडे पाहून खात्री करून घेतली.

“आई... तू बाहेर?”

“शक्य नाही,” टायवाला म्हणाला. “आजी, तुम्ही आत आहात.”

“मी बाहेर आहे रे बाळा.”

“नाही, नाही, हे बघा ना. पलंगावर, डाव्या कुशीवर.”

“असेल बुवा. माझंच काही चुकत असेल,” हेडबाई म्हणाल्या. गर्दीने वाट करून दिली. त्यांनी किल्ली लावली आणि दार ढकललं.

पलंगावर, डाव्या कुशीवर, शिपाई झोपला होता. एवढी माणसं बघून त्याने एक डोळा उघडला, भलीमोठी जांभई दिली आणि डोळा मिटला.

आधी शिंपीणबाईला हसू फुटलं, आणि तिच्या मागोमाग सगळा जिना हसू लागला, थेट खालच्या पायरीपर्यंत, जिथल्यांना काय झालं ते दिसलंही नव्हतं.

“ढाल त्याच्यापुढे ठेवा,” हेडबाई म्हणाल्या. “कमावलेली आहे त्याने. तापट नाही, उलटून बोलत नाही, पेपर वाचत नाही. तुम्हाला पाहिजे तशी आई आहे.”

“नव्या आवृत्तीत ही अडचण सोडवलेली आहे,” टायवाला म्हणाला. हे लोक बुडत्या नावेतसुद्धा पुढच्या नावेची माहिती देतात.

“आम्हाला आहे त्याच आवृत्तीतले नातेवाईक पुरेत,” पोस्टमास्तर म्हणाले, आणि ठरावाचं काय झालं हे कुणी विचारायची गरज उरली नाही. लोक हसत हसत आपापल्या घरी गेले. सेक्रेटरी ढाल आणि टायवाला दोन्ही घेऊन खाली उतरले.

घरात मायलेक उरले. चिरंजीवांनी गुच्छ कुठे ठेवावा हे न सुचून फ्रिजवर ठेवला.

“फसवलंस तू मला,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर.”

“मी फक्त गावाला गेले. फसलास तू.” हेडबाईंनी पिशवी खाली ठेवली. “आता नीट ऐक. मी परीक्षेत कॉपी केली. स्वतः नाही, बोक्याकरवी. माझे खरे गुण अठ्ठावन्न, आणि अट साठाची होती. मुख्याध्यापिका खोटा निकाल लावत नाही. मी नापास. सायकलवरचे टॉवेल काढ, येते मी.”

आणि त्या खरोखरच त्याच्या उत्तरासाठी थांबल्या. त्यांना हे घर हवं होतं, या जमिनीवर पसरलेला पेपर हवा होता, कचऱ्याच्या बादलीवरून रोजचं भांडण हवं होतं. पण दिलेला शब्द परत घ्यायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. हे चिरंजीवांना ठाऊक होतं. ते खुर्चीकडे वळले, तर तिथे तोवर शिपाई येऊन बसलेला. म्हणून ते खाली जमिनीवरच बसले, शाळेत असताना बसायचे तसे.

“घोटा दाखव,” ते म्हणाले.

“कशाला?”

“दाखव तर.”

हेडबाईही बसल्या आणि पाय पुढे केला. चिरंजीवांनी घोट्यावर बोट दाबून पाहिलं. “दुखतंय?”

“तुझ्या बोटामुळे दुखतंय.”

“पडलीस कशी गं तू त्या दिवशी?”

एवढे दिवस हे कुणी विचारलं नव्हतं. हेडबाईंनी बादलीची हकिगत पहिल्यापासून सांगितली, पोस्टमास्तरांच्या आवाजाची नक्कल करून सांगितली, आणि शेवटचा टोला सांगितला तेव्हा चिरंजीव मांडीवर थाप मारून हसले.

“आई, आपण पडलात का?” भिंत म्हणाली. “घरात दोन व्यक्ती पडल्या आहेत. घरात वाद चालू आहे का?”

“गप गं!” चिरंजीव ओरडले.

“नोंद घेतली. स्वभाव: चिडचिडा.”

“आता कळलं?” हेडबाई म्हणाल्या. “बोल, कधी न्यायचं मला?”

चिरंजीवांनी खिशातून फोन काढला, बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिले, आणि भिंतीवरचा हिरवा दिवा विझला. “पाहुण्यांच्या खोलीत सायकल आहे,” ते फोनकडे बघत म्हणाले. “तू तिथे मावणार नाहीस. रविवारी फोन करतो.”

“फोन नको. हजेरी घ्यायची तर वर्गात यावं लागतं. आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस, पाव आण. बेकरीवाल्याला सांग, हेडबाईंसाठी. नाही तर शिळे देईल.”

हेडबाई त्या घरातच राहिल्या. चिरंजीव रविवारी येतात. कधी कधी चुकतात, मग त्यांना त्याचं कारण उभं राहून सांगावं लागतं.

डबी फुकट जाऊ नये म्हणून सेक्रेटरींनी ती सोसायटीच्या कार्यालयात बसवून घेतली. तिथे वर्षानुवर्षं कुणी पाऊल टाकलेलं नाही. कार्यालयाला दर आठवड्याला शंभरपैकी शंभर पडतात, आणि सेक्रेटरी तो आकडा अभिमानाने जिन्याखालच्या फलकावर लावतात.